रांगेत थांबलेलं कोटेशन

मेल पाठवणारा सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी बोलायला लागला की पहिल्याच वाक्यात आपलं नाव सांगतो. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले तेव्हापासूनची ही रीत आहे. आधी 'हेलो', मग नाव. पुढे नियम बदलले, वाढले, पण नाव सांगणं काही सुटलं नाही. सुरुवातीला हे नाव खरं की खोटं याची कुणी फारशी चौकशी करत नसे. नंतर स्पॅम एवढा माजला की समोरचे बरेच सर्व्हर ते नाव डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, शोधून बघायला लागले. नाव सापडलं नाही, तर मेल आत घेत नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही २०११ साली मी बसवलेला एक मेल सर्व्हर सगळ्या जगाला आपलं नाव 'लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन' असं सांगत राहिला आणि त्यापायी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीची जर्मनीची ऑर्डर हातची गेली. ऑर्डरचं नुकसान मोठं होतं. पण त्या कारखान्यात काम करणाऱ्या एका ताईंना माझ्यामुळे जे ऐकून घ्यावं लागलं, ते मला अजून जास्त लागून राहिलंय.

त्या काळात मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं बघायचो. नेटवर्क, बॅकअप, टॅली, मेल, जे पडेल ते. कोल्हापुरात फाउंड्र्या पुष्कळ. पंपांचे, व्हॉल्व्हचे, ट्रॅक्टरचे भाग इथे ओतले जातात आणि बाहेरच्या देशांतही जातात. हा कारखाना त्यातलाच. मालकांना सगळे आण्णा म्हणत, मीही म्हणायचो. बाहेरचा पत्रव्यवहार, कोटेशन, डिस्पॅचची कागदपत्रं असं सगळं एक ताई सांभाळत. इंग्रजी नीट, कामाला चोख. पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रिंट काढून फाइलला लावायची त्यांची सवय होती.

त्या पावसाळ्यात कारखान्यानं इंटरनेटची जुनी लाइन सोडून नवी लीज्ड लाइन घेतली. जुना मेल सर्व्हरही थकला होता, म्हणून मी त्याच वेळी नवं मशीन बसवलं. त्यावर सेंटओएस ही लिनक्स प्रणाली, त्यावर पोस्टफिक्स हे मेलचं सॉफ्टवेअर. इन्स्टॉल करताना मशीनचं नाव विचारणारा एक पडदा येतो. तिथे आधीपासून 'लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन' असं लिहिलेलं असतं आणि ते बदलायचं असतं. नंतर बदलू, असं ठरवून मी पुढे गेलो. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये 'मायहोस्टनेम' नावाची ओळ असते. ती मी भरली नाही, कारण ती रिकामी ठेवली तर पोस्टफिक्स मशीनचंच नाव उचलतं. मशीनला नाव नीट दिलेलं असेल, तर त्यात काही चूक नाही. इथे ते दिलेलंच नव्हतं.

नव्या लाइनमुळे आयपी पत्ता बदलला होता. डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे झोनमध्ये, तो मी लगेच बदलला आणि येणारे मेल त्याच दिवशी नव्या मशीनवर यायला लागले. जाणारे मेल तपासायला मी माझ्या जीमेलवर एक मेल पाठवला. काही सेकंदांत पोचला. आण्णांना सांगितलं, काम झालं. बिल दिलं.

खरी चूक मी इथे केली. तिच्याआधी जे झालं तो विसराळूपणा होता आणि तो कुणाकडूनही होतो. पण जाणारे मेल जगात कुठेही पोचतात हे मी फक्त जीमेलवरून ठरवलं. तेव्हा जीमेलनं ते नाव खपवून घेतलं. बाकीच्यांवर तसं बंधन नव्हतं. मी एका दारातून आत गेलो आणि सगळी दारं उघडी आहेत, असं गृहीत धरलं. त्यावेळी याहू, रेडिफ, एखाद्या कॉलेजचा सर्व्हर आणि पुण्यातल्या एखाद्या कंपनीचा सर्व्हर अशा चार ठिकाणी मेल पाठवून बघितले असते, तरी पुढचं काहीही झालं नसतं.

काही आठवड्यांनी जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीकडून चौकशी आली. पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग होतं आणि कोटेशन शुक्रवारपर्यंत हवं होतं. आण्णांना या कामाची फार आस होती. काम मिळेल या अपेक्षेनं त्यांनी नमुन्याचा लाकडी पॅटर्न आधीच करून घेतला होता. ताईंनी सोमवारी कोटेशन पाठवलं. बुधवारी त्या कंपनीच्या पुण्यातल्या एजंटाचा फोन आला, कोटेशन आलेलं नाही.

आण्णांनी मला फोन केला. "सर, ताई म्हणत्यात सोमवारीच पाठवलाय. तिकडं मिळाला न्हाई म्हणत्यात. जरा बघा की काय झालंय."

मी तेव्हा दुसऱ्या एका कारखान्यात होतो. तिथूनच सर्व्हरवर लॉगइन केलं, लॉगमध्ये तो जर्मन पत्ता शोधला. ओळ सापडली. ओळ लांब होती, पडद्याच्या बाहेर गेलेली. तिचा शेवट मला दिसला : 'इन रिप्लाय टू आरसीपीटी टू कमांड'. 'आरसीपीटी टू' म्हणजे मेल कुणाला जायचा ते सांगणारी आज्ञा. म्हणजे ज्याला मेल पाठवायचा त्याच्या पत्त्यावरच समोरच्या सर्व्हरनं नकार दिलाय, असा मी अर्थ लावला. आण्णांना सांगितलं, "आपला सर्व्हर ठीक आहे. मी आत्ता जीमेलला पाठवून बघितला, पोचला. ताईंना पत्ता नीट बघायला सांगा."

ज्या दोन गोष्टींवरून मी हे म्हटलं, त्यांत खोटं काही नव्हतं. जीमेलला मेल पोचला होता. नकार पत्त्याच्या टप्प्यावर आला होता. पण पोस्टफिक्सची, आणि इतरही काही सर्व्हरांची, एक रीत मला माहीत असायला हवी होती. नाव आवडलं नाही तरी ते लगेच तोंडावर नकार देत नाहीत. पाठवणारा कोण, घेणारा कोण, ते सगळं ऐकून घेतात आणि मग एकदाच नाही म्हणतात. म्हणून नकार 'आरसीपीटी टू'च्या उत्तरात येतो, पण त्याचं कारण मात्र पहिल्या वाक्यातल्या नावात असतं. ते कारण ओळीच्या मधोमध इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं. '४५० ४.७.१', त्यानंतर कंसात 'लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन', आणि त्यापुढे 'हेलो कमांड रिजेक्टेड, होस्ट नॉट फाउंड'. मी कर्सर डावीकडे नेला असता, तर दिसलं असतं. नेला नाही, कारण माझं उत्तर आधीच ठरलं होतं.

आण्णांनी ताईंना बोलावलं आणि चारचौघांसमोर विचारलं, पत्ता टाकताना लक्ष कुठं होतं. मला हे नंतर कळलं. ताईंनी फाइलमधून प्रिंट काढून दाखवली. व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता आणि प्रिंटवरचा पत्ता अक्षर अन् अक्षर सारखा होता. तरी त्यांनी तो पुन्हा टाइप केला आणि कोटेशन परत पाठवलं. त्याच सर्व्हरवरून. तेही त्याच रांगेत जाऊन बसलं.

मेलच्या नकाराचे दोन प्रकार असतात हे इथे सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच उभं आहे. पाचनं सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. तो आला की मेल लगेच परत येतो आणि पाठवणाऱ्याला कळतं. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नको, नंतर बघ. मग पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो आणि पाठवणाऱ्या माणसाला काही सांगत नाही. नाव सापडलं नाही म्हणून दिलेला नकार पोस्टफिक्समध्ये मुळात ४५० असतो, म्हणजे तात्पुरता, कारण डीएनएस एखाद्या वेळी उत्तर देत नाही हे पोस्टफिक्स लिहिणाऱ्यांना माहीत असतं. पोस्टफिक्स मेल रांगेत पाच दिवस ठेवतं. उशीर होतोय अशी सूचना पाठवणाऱ्याला देण्याची सोय त्यात आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. मी केली नव्हती. ताईंच्या आउटलुकमध्ये मेल 'सेंट आयटम्स'मध्ये होता, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं गेला होता. शुक्रवार आला आणि गेला. दोन्ही कोटेशनं सर्व्हरच्या रांगेत होती.

पाच दिवस संपल्यावर पहिला मेल परत आला. मेलर-डीमनच्या नावानं, 'अनडिलिव्हर्ड मेल रिटर्न्ड टू सेंडर' असा विषय घेऊन. ताईंनी तो उघडलाच नाही. कारण काही महिन्यांपूर्वी मीच सगळ्या कारखान्याला सांगून ठेवलं होतं की मेलर-डीमनचे मेल उघडायचे नाहीत, सरळ काढून टाकायचे. त्या दिवसांत कुणीतरी कारखान्याचा पत्ता खोटा लावून स्पॅम पाठवत होतं आणि त्याचे परत आलेले मेल ढिगानं यायचे. त्यांचा सोक्षमोक्ष लावायचा कंटाळा केला आणि सोपा नियम घालून दिला. त्या नियमानंच खरी बातमी कचऱ्यात गेली.

पुढच्या आठवड्यात मी बॅकअपच्या कामासाठी कारखान्यात गेलो. सहज म्हणून रांग बघायची आज्ञा दिली आणि पडदा भरून वाहायला लागला. नुसतं जर्मनीचं कोटेशन नव्हतं. पुण्याच्या एका व्हॉल्व्ह कंपनीचे डिस्पॅचचे मेल, मटेरियल टेस्टिंग लॅबला पाठवलेली पत्रं, एका बँकेच्या शाखेला पाठवलेलं स्टेटमेंट, असं बरंच काही. आणि प्रत्येकाखाली कारण छापलेलं, सगळ्यांत तेच नाव. मी खुर्चीवर तसाच बसून होतो. ताई समोरच्या टेबलावर चलनं लावत होत्या.

मशीनचं नाव बदललं, पोस्टफिक्सची ती ओळ भरली. कारखान्याचं खरं नाव सोडून इथे 'ओतकाम डॉट को डॉट इन' असं समजू. जाणाऱ्या मेलसाठी मी 'एसएमटीपी डॉट ओतकाम डॉट को डॉट इन' असं नवं नाव ठरवलं आणि ते झोनमध्ये घातलं. माझ्या ग्राहकांचे झोन मी माझ्याच एका सर्व्हरवर बाइंड या डीएनएसच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचो. बाइंडच्या फाइलमध्ये पूर्ण नाव लिहिलं की शेवटी एक टिंब द्यावं लागतं. टिंब नसेल तर बाइंडला वाटतं नाव अर्धं आहे आणि ते पुढे डोमेन पुन्हा जोडतं. मी टिंब दिलं नाही. तयार झालेलं नाव होतं 'एसएमटीपी डॉट ओतकाम डॉट को डॉट इन डॉट ओतकाम डॉट को डॉट इन'. मेल सर्व्हर जे नाव सांगत होता ते जगात अजूनही नव्हतं.

मी तपासलंही. पण तपासलं त्याच मशीनवरून, पिंग करून. मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये मीच ते नाव लिहून ठेवलं होतं, त्यामुळे डीएनएसला न विचारताच उत्तर आलं. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून 'डिग' ही थेट डीएनएसला विचारणारी आज्ञा चालवली असती तर त्याच क्षणी कळलं असतं. रांग तशीच होती. मी आण्णांना सांगितलं, "डीएनएसचा बदल जगभर पसरायला चोवीस तास लागतात." आमच्या धंद्यात हे वाक्य सगळे वापरतात. डीएनएसमध्ये काहीही पसरत नाही. विचारणारा सर्व्हर उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत लक्षात ठेवतो आणि मुदत संपली की पुन्हा विचारतो. किती मुदत, ते झोनच्या मालकानंच लिहिलेलं असतं, म्हणजे इथे मीच. तो आकडा बघून मी नेमकी वेळ सांगू शकलो असतो. त्याऐवजी चोवीस तासांचं मोघम वाक्य बोललो आणि ते स्वतःलाही पटवून घेतलं. दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी टिंब सापडलं. ते दिलं, झोनचा अनुक्रमांक वाढवला, रीलोड केलं. तरी काही ठिकाणी नकार चालूच. एखादं नाव 'सापडलं नाही' हे उत्तरही सर्व्हर लक्षात ठेवतात. १९९८ सालापासूनच्या नियमात ते आहे, आणि त्याचीही मुदत झोनमध्येच लिहिलेली असते. आदल्या दिवशी माझ्याकडे विचारून गेलेल्या प्रत्येक सर्व्हरनं ते 'नाही' सोबत नेलं होतं. ती मुदत संपेपर्यंत थांबावं लागलं.

मधल्या काळात मला एका गोष्टीचा आधार वाटत होता, तीही सांगतो. एसएमटीपीच्या २००८ सालच्या नियमावलीत एक कलम आहे. समोरच्यानं सांगितलेलं नाव आणि त्याचा आयपी पत्ता जुळतो का, हे सर्व्हरनं हवं तर तपासावं, पण तेवढ्या कारणानं मेल नाकारू नये. मला वाटलं, जर्मन सर्व्हरच नियम मोडतोय. त्यांच्या आयटीला पत्र लिहायचंही मनात आलं. पण त्याच दस्तऐवजात हेही लिहिलंय की पाठवणाऱ्यानं आपलं पूर्ण, खरं डोमेन नाव द्यावं. मी दिलेलं नाव पत्त्याशी न जुळणारं नव्हतं, ते अस्तित्वातच नव्हतं. नियमाचं एक कलम धरून दुसरं सोडलं तर आपण बरोबर ठरत नाही. पत्र लिहिलं नाही, ते बरं झालं.

मग नाव सापडायला लागलं आणि नकाराचं कारण बदललं. आता काही सर्व्हर म्हणत होते, 'क्लायंट होस्ट रिजेक्टेड, कॅनॉट फाइंड युअर होस्टनेम', पुढे आमचा आयपी पत्ता. म्हणजे आयपी पत्त्यावरून नावाकडे जाणारी नोंद नाही. हिला पीटीआर म्हणतात. मी लगेच आमच्या झोनमध्ये पीटीआरची एक ओळ घातली. काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता. नावावरून पत्ता शोधायचा तर डोमेनच्या मालकाला विचारतात, पण पत्त्यावरून नाव शोधायचं तर पत्त्याच्या मालकाला. आयपी पत्त्याचे आकडे उलटे लावून 'इन-अ‍ॅडर डॉट आर्पा' या वेगळ्या झाडात ते नाव शोधलं जातं, आणि त्या झाडाची ती फांदी ज्या कंपनीनं आपल्याला पत्ता दिला तिच्या हातात असते. घरावर पाटी आपण लावतो, सातबाऱ्यावर नाव तलाठीच चढवतो, तसं हे. पाटीवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळलं तरच समोरच्याचा विश्वास बसतो.

जुन्या लाइनच्या वेळी ही नोंद लाइन देणाऱ्यांनी आपणहून केली होती, त्यामुळे ती लागते हेच मी विसरलो होतो. नव्या लाइनवाल्यांना कारखान्याच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा लागला, सही-शिक्क्यासह. तो त्यांच्या कुठल्या विभागात जातो हे कळेपर्यंत बरेच फोन झाले.

अर्ज फिरत असताना आण्णांनी मला विचारलं, "सर, आपलं दार बंद हाय तर दुसऱ्या कुणाच्या दारातनं जाईल का न्हाई?" जाईल की. पोस्टफिक्सच्या फाइलमध्ये 'रिलेहोस्ट' नावाची एक ओळ आहे. तिथे ज्यांचं नाव, पत्ता, नोंदी सगळं ठीक आहे अशा एखाद्या सर्व्हरचं नाव लिहिलं की सगळे मेल त्यांच्यामार्फत जातात. लाइन देणाऱ्यांचाच तसा सर्व्हर होता, आमच्यासाठी खुला. ती ओळ मी पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती, आणि दुरुस्ती निवांत करायला हवी होती. मी उलट केलं. बिघाड माझ्या हातून झाला म्हणून तो माझ्याच हातानं, नीट मुळापासून सुटला पाहिजे, या हट्टापायी आणखी काही दिवस कारखान्याचे मेल अडकवून ठेवले. आण्णांनी विचारल्यावर ती ओळ लिहिली आणि थोड्याच वेळात रांग रिकामी झाली.

जर्मनीचं कोटेशनही त्यातच गेलं असतं. पण त्याची पाच दिवसांची मुदत संपून ते कधीच परत आलेलं होतं. एजंटानं कळवलं की काम दुसरीकडे गेलं. पॅटर्नचे पैसे आण्णांच्या अंगावर पडले. त्यांनी ते माझ्याकडे मागितले नाहीत. मी त्या वर्षीचं देखभालीचं बिल दिलं नाही, एवढंच करू शकलो. पॅटर्नच्या खर्चापुढे ते बिल लहान होतं.

ताईंबद्दल लिहायचं राहिलंय. ते शेवटी ठेवलं, कारण ते लिहिणं जड जातं. रांग बघितली त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आण्णांकडे गेलो आणि सांगितलं की डीएनएसमध्ये होस्टनेमचा घोळ होता, समोरचे सर्व्हर हेलो तपासतात, वगैरे. सगळं खरं. पण अशा शब्दांत की कुणाच्या हातून काय झालं ते त्यातून बाहेर येऊ नये. आण्णांनी मान डोलावली आणि ताईंना सांगितलं, "नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम हुता." म्हणजे पत्त्याची चूक झाली हा आरोप कुणी मागे घेतलाच नाही. तो तसाच राहिला. ताई पुढचे बरेच दिवस प्रत्येक मेल पाठवल्यावर समोरच्याला फोन करून विचारायच्या, मिळाला का. परदेशातसुद्धा. त्या फोनांचं बिल बघून आण्णा एकदा चिडले, तेव्हा मी तिथेच होतो.

तेव्हा सांगितलं. ताई आणि आण्णा दोघं समोर असताना सांगितलं की त्या सोमवारी ताईंनी मेल बरोबर पाठवला होता, पत्ता बरोबर होता, दोन्ही वेळा. सर्व्हरला नाव मी दिलं नाही. नकाराचं कारण लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही आणि न वाचता तुमच्यावर ढकललं. परत आलेला मेल उघडू नका हेही मीच सांगितलं होतं. आण्णा काही बोलले नाहीत. ताई म्हणाल्या, "सर, मला त्या दिवशी वाटत हुतं की पत्ता बरोबर हाय. पण तुम्ही म्हटला म्हणून मीच म्हटलं, माझंच चुकलं असंल." माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं होतं. कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या माणसाच्या शब्दाला कारखान्यात किती वजन असतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

त्यानंतर मी मेलर-डीमनचा नियम काढून टाकला. उशिराची सूचना सुरू केली, मेल काही तास अडकला की पाठवणाऱ्याला कळेल अशी. आणि रोज सकाळी रांगेतल्या आणि परत आलेल्या मेलची यादी, नकाराच्या पूर्ण ओळींसकट, ताईंच्या मेलवर जाईल अशी सोय केली. आण्णांनी विचारलं, त्यांना काय कळणार त्यातलं? मी म्हटलं, कळेल तेवढं कळेल, नाही कळलं तर मला वाचून दाखवतील. त्या वाचायला लागल्या. चारचा आकडा असेल तर दुपारपर्यंत थांबायचं, पाचचा असेल तर लगेच मला फोन करायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

२०२४च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. एसपीएफ किंवा डीकेआयएम, दोन्हींपैकी एक तरी जुळलंच पाहिजे, आयपी पत्त्याची नावनोंद बरोबर पाहिजे, आणि जे दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवतात त्यांच्यासाठी आणखी. डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची डीएनएसमधली यादी म्हणजे एसपीएफ. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, जिची किल्ली डीएनएसमध्ये असते. एसपीएफ मी कारखान्यासाठी केव्हाच लावलं होतं. डीकेआयएम नाही. एकदा प्रयत्न केला होता, पण २०४८ बिटांची किल्ली डीएनएसच्या एका २५५ अक्षरांच्या तुकड्यात मावत नाही, ती तोडून दोन तुकड्यांत लिहावी लागते. माझ्याकडून ती तोडताना चुकली, सही जुळेना, आणि एसपीएफ आहे तेवढं पुरे म्हणून मी ते काम तसंच सोडलं. ते पुढे वर्षानुवर्षं तसंच राहिलं.

त्या वर्षी कारखान्यानं बिलं पाठवायला नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते बिलं स्वतःच्याच क्लाउड सर्व्हरवरून कारखान्याच्या नावानं पाठवायचं. सॉफ्टवेअरवाल्यांनी डीएनएसमध्ये घालायला एसपीएफची एक ओळ दिली आणि आण्णांच्या मुलानं ती घातली, आधीच्या ओळीशेजारी वेगळी. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. एसपीएफ गेलं आणि पाठीशी डीकेआयएम नव्हतंच. कारखान्याचे जीमेलला जाणारे सगळे मेल परत यायला लागले.

मला कळलं ते ताईंच्या फोननं, सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या. "सर, गूगलकडनं ५५० आलाय, खाली ५.७.२६ लिहिलंय. वाचू का?" मी म्हटलं, पूर्ण वाचा. त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, शब्द न गाळता. पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही, डीकेआयएम पास नाही, एसपीएफ पास नाही, आणि आमचा आयपी पत्ता. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आणि आण्णांच्या मुलाला अजून काही सांगितलेलं न्हाई मी. त्यानं काय केलंय ते तुम्ही आधी बघा, मग बोलू."

मी डिग चालवलं. बाहेरच्या सर्व्हरवरून. दोन ओळी दिसल्या. त्या एकत्र करून एक केली आणि त्याच दुपारी किल्ली दोन तुकड्यांत नीट तोडून डीकेआयएमही लावलं. संध्याकाळी ताईंनी परत आलेली बिलं एकेक करून पुन्हा पाठवली आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत काही नव्हतं, असं कळवलं. आण्णांच्या मुलाला मी स्वतः फोन केला. दोन ओळी का चालत नाहीत ते सांगितलं, आणि ही भानगड एवढी वाढली ती मी डीकेआयएम लावायचं टाळलं म्हणून, हेही सांगितलं.